तीनचाकीवर घाट चढायचाय? आधी रस्ता पारखून घ्या

बरीच वर्षं दुचाकी चालवल्यावर मी ट्राइक घेतली, पुढे एक चाक आणि मागे दोन. पहिल्याच महिन्यात दुचाकीवाल्या मित्रांनी "हा तर चुकवूच नकोस" म्हणून सांगितलेल्या एका खिंडीच्या रस्त्याला लागलो. रस्ता खरंच देखणा होता, पण जेमतेम दीड गाडीचा. अर्ध्या चढावर समोरून भरलेला ट्रक उतरला. दुचाकी असती तर कडेला घेऊन उभा राहिलो असतो. ट्राइकला कड नव्हतीच. जवळपास दीडशे मीटर मागे यावं लागलं. दरीकडच्या आरशात मागचं चाक दिसत होतं. त्याच्याखालची साइडपट्टी ओली होती आणि तिच्यातली खडी एकेक करून खाली घरंगळत होती. तो आवाज अजून कानात आहे.

त्या दिवसापासून मी रस्ता आधी नकाशावर चालवतो, मग गाडी काढतो. दुचाकीवाल्याला जो रस्ता सुंदर वाटतो तो तीनचाकीवाल्याला सुंदर वाटेलच असं नाही. आपल्याला वळणं किती यापेक्षा वळणं केवढी आणि रस्ता रुंद किती, याच्याशी जास्त कर्तव्य आहे. नुकतीच तीनचाकी घेतली असेल आणि डोंगर खुणावत असतील, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे.

१. आपली तीनचाकी कोणत्या जातीची, ते समजून घ्या

सगळ्या तीनचाकी सारख्या वागत नाहीत. घाटात तर प्रत्येकीचा स्वभाव वेगळा दिसतो.

पुढे एक आणि मागे दोन चाकं असलेली गाडी, उदाहरणार्थ हार्ले-डेव्हिडसनची ट्राय ग्लाइड, सरळ रस्त्यावर अगदी स्थिर वाटते. पण उतारावर, वळणात ब्रेक दाबला की सगळा भार पुढच्या एका चाकाकडे आणि वळणाच्या बाहेरच्या बाजूला झुकतो, आणि आतलं मागचं चाक हलकं होतं. म्हणून या गाडीचं सगळं ब्रेकिंग वळणाच्या आधी, सरळ पट्ट्यात उरकायचं.

पुढे दोन आणि मागे एक चाक असलेली गाडी, जशी २००७ साली आलेली कॅन-ॲम स्पायडर, ब्रेकखाली जास्त भरवशाची असते. तिला वळणात जोरात ॲक्सिलरेटर दिलेला आवडत नाही. स्पायडरला हँडलवर ब्रेकची मूठच नाही, तिन्ही चाकांचा ब्रेक एकाच पायाच्या पेडलवर असतो. दुचाकीवरून आलेल्याची बोटं सवयीने हवेत मूठ शोधतात. ही सवय मोडायला घाट ही जागा नव्हे.

साइडकारचा प्रकार निराळाच. ॲक्सिलरेटर दिला की गाडी साइडकारच्या बाजूला ओढते, ब्रेक लावला की उलट बाजूला. साइडकार ज्या बाजूला आहे त्या बाजूचं वळण वेगात घेतलं तर साइडकारचं चाक उचललं जातं. रिकाम्या साइडकारमध्ये वीस-तीस किलोची वाळूची पिशवी घट्ट बांधून ठेवा. नव्या चालकासाठी याइतका स्वस्त आणि खात्रीचा उपाय नाही.

चौथी जात झुकणाऱ्या तीनचाकींची: २००६ ची पियाजिओ एमपी३, २०१४ ची यामाहा ट्रायसिटी, २०१८ ची यामाहा नायकेन. या वळणात दुचाकीसारख्या झुकतात, त्यामुळे दुचाकीवरची बरीचशी समज इथे चालते. खाली मी गाडी उलटण्याबद्दल जे सांगणार आहे ते मुख्यतः आधीच्या तीन, न झुकणाऱ्या जातींना लागू आहे.

न झुकणाऱ्या गाडीबद्दल एक गोष्ट मनावर कोरून ठेवा. दुचाकी वेगात डावीकडे वळवायला आपण हँडल डावीकडून किंचित पुढे ढकलतो. तीनचाकीवर तसं केलं तर गाडी उजवीकडे जाते. इथे हँडल ज्या बाजूला फिरवाल, गाडी त्याच बाजूला जाते. शरीराला हे पटायला माझ्या मते निदान पाचशे किलोमीटर तरी सपाट रस्त्यावर घालवावेत. घाबरल्यावर हात जुन्या सवयीकडेच धावतात, आणि घाटात घाबरायचे प्रसंग येतातच.

२. मोकळ्या मैदानात तीन मापं घ्या

मोजपट्टी घ्या आणि एक सकाळ यासाठी काढा.

पहिलं माप रुंदीचं. सर्वांत रुंद ठिकाणी, आरसे आणि मडगार्ड धरून मोजा. मोठ्या ट्राइक आणि स्पायडरसारख्या गाड्या दीड मीटरच्या आसपास भरतात.

दुसरं माप वळायला लागणाऱ्या जागेचं. हँडल पूर्ण फिरवून अगदी हळू एक गोल काढा आणि बाहेरच्या चाकाने आखलेल्या वर्तुळाचा व्यास मोजा. दोन्ही बाजूंनी मोजा. साइडकारच्या गाडीत दोन्ही आकडे सारखे येत नाहीत. हा आकडा वहीत लिहून ठेवा, पुढे चौथ्या पायरीत सगळा खेळ त्याच्यावरच आहे.

तिसरं माप गाडीच्या पोटाखालच्या मोकळ्या जागेचं. कित्येक ट्राइकमध्ये ती बारा सेंटीमीटरच्या आसपासच असते. डांबर संपून खडीचा उंचवटा लागला की दुचाकीला कळणारही नाही अशा ठिकाणी आपलं पोट घासतं.

याच मैदानात चाकं कुठून जातात तेही पाहून घ्या. ट्राइक किंवा स्पायडरसारखी गाडी ओल्या जागेवरून नेली की तीन वेगळ्या रेघा उमटतात. दुचाकीवाला खड्डा चुकवतो, मोटारवाला तो दोन चाकांच्या मधे घेतो. आपल्याला यातलं काहीच धड जमत नाही, कारण तिसरं चाक नेमकं मधून येतं. आणि लेनच्या मधोमधच तर मोटारींचं सांडलेलं तेल आणि चाकांनी बाजूला सारलेली बारीक खडी साठलेली असते. पुढे एक चाक असलेल्या ट्राइकचं सुकाणू सांभाळणारं चाक नेमकं त्याच पट्ट्यातून धावतं.

३. नकाशावर रस्ते हुडका

इथून खरी मजा सुरू होते.

माझी सगळ्यांत आवडती युक्ती म्हणजे बोगदा शोधणं. डोंगराखालून नवा बोगदा झाला की घाईची आणि अवजड वाहतूक बोगद्यातून जाऊ लागते, आणि वर खिंडीतून जाणारा जुना रस्ता बऱ्यापैकी मोकळा होतो. तो कधी काळी मुख्य रस्ता होता, त्यामुळे पुरेसा रुंद असतो आणि चढही बेताचा ठेवलेला असतो. स्वित्झर्लंडमध्ये गोटहार्डचा १६.९ किलोमीटरचा रस्ता-बोगदा १९८० साली सुरू झाला, आणि खिंडीवरची वाट हौशी प्रवाशांसाठी राहिली. हिमालयात ९.०२ किलोमीटरचा अटल बोगदा २०२० मध्ये सुरू झाल्यापासून ३,९७८ मीटरवरच्या रोहतांग खिंडीतून पलीकडे जाण्याची सक्ती उरली नाही. तिथे वर जायला परवाना लागतो, हे मात्र लक्षात असू द्या. नकाशात डोंगराच्या पोटात तुटक रेषा दिसली की तिच्या डोक्यावर वळवळणारी जुनी रेषा शोधा. हमखास सापडते.

दुसरी युक्ती बसची. ज्या रस्त्यावर नियमित बस धावते, त्याच्या हेअरपिन वळणांत, म्हणजे रस्ता जवळजवळ उलटा फिरतो अशा वळणांत, तुमची ट्राइक बसणारच. बस कंपन्यांची वेळापत्रकं आणि मार्गांचे नकाशे यासाठी मी चक्क अभ्यासतो. आल्प्समध्ये पिवळ्या पोस्टबस कितीतरी खिंडींतून जातात. तिथे निळ्या पाटीवर पिवळं रणशिंग दिसलं, तर तो डोंगरी पोस्टमार्ग आहे असं समजायचं. त्यावर बसला आधी वाट द्यायची आणि तिचा चालक सांगेल तसं पुढे-मागे व्हायचं. वळणाआड तीन सुरांचा हॉर्न ऐकू आला की रुंद जागी थांबून घ्या.

धरणांकडे जाणारे रस्तेही बघा. धरण बांधताना अवजड यंत्रं वर न्यावी लागतात, म्हणून हे रस्ते सहसा चांगले रुंद असतात आणि शेवटी पाण्याचं दर्शन होतं ते वेगळंच. त्यांतले काही धरणापाशीच संपतात, तेव्हा परत त्याच वाटेने यायची तयारी ठेवा.

छापील नकाशे टाकून देऊ नका. मिशेलिनच्या नकाशांत निसर्गरम्य रस्त्याच्या कडेने हिरवी रेघ असते आणि चढावर बाणाच्या खुणा असतात. एक खूण म्हणजे साधारण ५ ते ९ टक्के चढ, दोन म्हणजे ९ ते १३, आणि तीन म्हणजे त्याहून जास्त. बाणाचं टोक चढाच्या दिशेला असतं. टेबलावर नकाशा पसरून तासाभरात जेवढा प्रदेश डोळ्याखालून जातो, तेवढा फोनच्या पडद्यावर दोन दिवसांत जात नाही.

मग ॲपकडे वळा. कुर्विगर, कॅलिमोटो यांसारखी ॲप वळणावळणाचा मार्ग आखून देतात. पण इथे एक मोठा सापळा आहे. वळणांची पातळी सर्वांत वर नेली की ॲप तुम्हाला शेतातल्या, एकपदरी, कधी अर्धवट कच्च्या रस्त्यांवर घालतं. ही ॲप मुख्यतः दुचाकीचा विचार करून बनवलेली आहेत. पातळी मधली ठेवा आणि निघालेला मार्ग जसाच्या तसा कधीही वापरू नका. त्यातला प्रत्येक डोंगरी तुकडा पुढच्या पायरीतून काढा.

४. सापडलेला रस्ता पारखा

एका घाटामागे मी दीड-दोन तास देतो. जास्त वाटतील, पण डोंगरात अडकून गेलेले तास त्याहून लांब असतात.

चढ किती आहे ते आधी बघा. समोच्च रेषांच्या, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांच्या नकाशात दोन रेषांमधलं अंतर २० मीटर असेल आणि रस्ता एका किलोमीटरमध्ये अशा चार रेषांमधलं अंतर चढत असेल, तर ८० मीटर चढ झाला, म्हणजे ८ टक्के. कोणत्याही मार्ग-ॲपमध्ये उंचीचा आलेखही निघतो. पण सरासरीवर विसंबू नका. इटलीतला स्टेल्व्हिओ खिंडीचा रस्ता पायथ्याच्या प्रातो गावाच्या बाजूने सुमारे २४ किलोमीटरमध्ये १,८०० मीटर चढतो, म्हणजे सरासरी साडेसात टक्के. आकडा सौम्य दिसतो, पण त्यात ४८ हेअरपिन वळणं आहेत. हेअरपिन वळणाची आतली कड बाहेरच्या कडेपेक्षा आखूड असते आणि चढ मात्र तेवढाच, म्हणून आतल्या कडेचा चढ सरासरीपेक्षा कितीतरी उभा होतो. तुमची लेन आतली असेल तेव्हा गाडी एकदम जड झाल्यासारखी वाटते ती यामुळे.

आता वळण मोजा. उपग्रहाच्या छायाचित्रात सर्वांत घट्ट दिसणारं हेअरपिन शोधा, नकाशातलं अंतर मोजायचं साधन उघडा आणि वळणाच्या बाहेरच्या कडेपासून समोरच्या बाहेरच्या कडेपर्यंत माप घ्या. मैदानात काढलेला तुमच्या गाडीचा आकडा यापेक्षा चांगला लहान हवा. दोन्ही जवळजवळ सारखे असतील, तर तिथे तुम्हाला एका दमात वळता येणार नाही, समोरच्या लेनमध्ये जावंच लागेल. तो रस्ता सोडून द्या. शिवाय रस्त्याच्या ज्या बाजूने आपण चालतो त्याच बाजूला वळणारं हेअरपिन जास्त घट्ट असतं, कारण त्यात आतली लेन आपली असते. वाहतूक डावीकडून असेल तर डावी वळणं, उजवीकडून असेल तर उजवी. मोजताना हीच वळणं धरा.

हे सगळं एवढ्या बारकाईने का, ते एका हिशेबात सांगतो. १० मीटर त्रिज्येचं वळण २० च्या वेगाने घेतलं तर गाडीला बाहेर ढकलणारा जोर तिच्या वजनाच्या सुमारे एक तृतीयांश भरतो. तेच वळण ३० ला घेतलं तर तो ७० टक्क्यांच्या आसपास जातो. वेग फक्त दहाने वाढला आणि जोर दुपटीच्या वर गेला. बऱ्याच न झुकणाऱ्या तीनचाकींचं आतलं चाक तेवढ्या जोराआधीच हलकं होऊ लागतं. दुचाकी झुकून हा जोर पोटात घालते, आपली गाडी ताठ उभी असते.

रुंदीसाठी छायाचित्रात एखादी मोटार शोधा. मोटार साधारण पावणेदोन ते दोन मीटर रुंद असते. रस्त्यावर अशा दोन मोटारी आरामात शेजारी बसत असतील तर निश्चिंत राहा. बसत नसतील, तर बाजूला घ्यायच्या रुंद जागा किती अंतरावर आहेत ते मोजून नकाशावर खुणा करा.

शेवटी पृष्ठभाग. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनीच भरलेल्या मोफत नकाशात रस्ता डांबरी की कच्चा, किती गुळगुळीत, अशी माहिती बऱ्याच ठिकाणी भरलेली असते. रस्त्यावरून घेतलेली छायाचित्रं पाहताना ती कोणत्या वर्षाची, हे आधी बघा. पाच वर्षांपूर्वीचं काळंभोर डांबर आज चाळण झालेलं असू शकतं. गोटहार्डच्या दक्षिण उतारावरचा त्रेमोला हा जुना रस्ता दगडी फरसबंदीचा आहे, २४ वळणांचा. झुकणाऱ्या तीनचाकीला तो कोरड्या दिवशी झकास. माझ्या ट्राइकने मात्र तिथे दात खिळखिळे केले, आणि पावसात मी तिथे जाणारच नाही. डोंगराच्या सावलीतली बाजू आणि दाट झाडीतले तुकडेही टिपून ठेवा. तिथे शेवाळ, ओल आणि थंडीत बर्फाचा पातळ थर दुपारपर्यंत टिकतो.

५. कोणत्या बाजूने चढायचं, ते ठरवा

नवीन असाल तर हा नियम पाळा: जिकडे वळणं घट्ट आणि चढ उभा, तिकडून वर जा. सौम्य बाजूने उतरा. चढताना गाडी आपोआप हळू होते, वळणात ब्रेकची गरज फारशी पडत नाही. उतरताना तीच वळणं ब्रेकवर घ्यावी लागतात, आणि पुढे एक चाक असलेल्या ट्राइकला नेमकं तेच मानवत नाही.

सूर्याचाही विचार करा. सकाळी पूर्वेकडे आणि संध्याकाळी पश्चिमेकडे तोंड करून घाट चालवू नका. वळणातून बाहेर येताच डोळ्यांत किरणं घुसली की दोन-तीन सेकंद काहीच दिसत नाही. दरी कोणत्या बाजूला येते हेही नकाशावरच कळतं. दरीकडच्या लेनमधून दृश्य मोकळं दिसतं, पण नवख्याने पहिल्या दोन-तीन घाटांत डोंगराकडची लेन मिळेल अशी दिशा धरावी. दृश्यासाठी थांबायच्या जागा असतातच.

६. हंगाम आणि वेळ

उंच खिंडी वर्षभर उघड्या नसतात. ऑस्ट्रियातला ग्रॉसग्लॉकनर मार्ग साधारण मेच्या सुरुवातीपासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत चालू असतो आणि रात्री बंद होतो. रोमानियातला ट्रान्सफागाराशान उन्हाळा आणि शरद ऋतूतच पूर्ण खुला असतो. निघायच्या आदल्या संध्याकाळी आणि त्या दिवशी सकाळी, अशी दोनदा त्या मार्गाची अधिकृत सूचना बघा. दरड कोसळून रस्ता बंद होणं डोंगरात नवीन नाही.

रस्ता नुकताच उघडला असेल तर आठवडाभर थांबलेलं बरं. हिवाळ्यात टाकलेली खडी अजून झाडलेली नसते आणि वितळत्या बर्फाचं पाणी रस्त्यावरून वाहत असतं.

नकाशा जो वेळ दाखवतो तो मोटारीचा, तोही न थांबता. वळणांच्या घाटात सरासरी वेग ताशी ३० ते ४० किलोमीटर धरा. पहिल्या डोंगरी दिवसाला दीडशे किलोमीटर भरपूर होतात. न झुकणारी तीनचाकी वळणात खांदे आणि दंड पिळून काढते, दुपारनंतर हे जाणवायला लागतं.

उंचीमागे दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. पायथ्याशी घाम येत असला तरी गरम जॅकेट हाताशी ठेवा. इंजिनाची ताकदही हजार मीटरमागे सुमारे दहा टक्के घटते, तेव्हा चढावर गाडी दमली तर ती बिघडली असं समजू नका. मुक्काम तीन हजार मीटरच्या वर असेल तर रोजची झोपण्याची उंची पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नका. डोकेदुखी आणि मळमळ सुरू झाली तर वर जाणं थांबवा, वाढत गेली तर खाली उतरा.

७. कागदपत्रं आणि सामान

कागदपत्रं:
- चालक परवाना. तीनचाकी कोणत्या वर्गात मोडते हे देशागणिक बदलतं. युरोपात शेजारची दोन चाकं एकमेकांपासून ४६० मिलिमीटर किंवा जास्त दूर असली तर गाडी तिचाकी धरली जाते, त्याहून जवळ असली तर मोटारसायकल. अमेरिकेत काही राज्यांत तीनचाकीचा वेगळा शेरा लागतो. आपल्याकडे चालतं म्हणून पलीकडेही चालेल असं गृहीत धरू नका.
- परदेशात जाणार असाल तर आंतरराष्ट्रीय परवाना, आणि त्यात योग्य वर्गावर शिक्का आहे ना ते तपासून.
- नोंदणीपत्र आणि विमा. गाडीत बदल करून ट्राइक बनवली असेल तर तो बदल नोंदणीत आणि विम्यात दोन्हीकडे दाखवलेला हवा.
- खिंडीचे किंवा राखीव क्षेत्राचे परवाने, छापून. वर नेटवर्क नसतं.
- रस्त्यावरच्या मदतीची योजना. घेताना एकच प्रश्न स्पष्ट विचारा: "तीनचाकी उचलून न्यायला तुमच्याकडे रुंद वाहन आहे का?" दुचाकीच्या ट्रेलरवर आपली गाडी चढत नाही.

टोलनाक्यावर आणि फेरीबोटीवर तुम्हाला मोटारसायकल धरणार की मोटार, हे आधी विचारून ठेवा.

सामान: टायरमधली हवा मोजायचं साधन आणि छोटा पंप, पंक्चर काढायचा संच, ओढायचा पट्टा, ऑफलाइन नकाशा भरलेला फोन आणि त्याला जोड म्हणून कागदी नकाशा, टॉर्च, प्रथमोपचाराची पेटी. आणि चाकाखाली ठेवायचे दोन लाकडी ठोकळे. उतारावर गाडी फक्त हँडब्रेकच्या भरवशावर सोडू नये.

निघण्यापूर्वी ब्रेक ऑइल बघा. ते हवेतलं पाणी शोषतं, आणि पाणी शोषलेलं ऑइल लांब उतारावर तापून उकळलं की पेडल थेट खाली जातं. दोन वर्षांहून जुनं असेल तर बदलूनच निघा. मोठ्या ट्राइकचं वजन साडेपाचशे किलोच्या पुढे जातं, त्यात दोन माणसं आणि सामान. सगळं त्या ब्रेकनाच धरायचं असतं.

८. पहिला घाट कोणता घ्यावा

अमेरिकेतला ब्लू रिज पार्कवे मला नवख्यासाठी आदर्श वाटतो. ७५५ किलोमीटर लांबीचा हा रस्ता मुळात निवांत फिरण्यासाठीच बांधला. मालवाहू ट्रकना त्यावर बंदी आहे, वेग जास्तीत जास्त ताशी ७२ किलोमीटर, आणि दृश्य पाहायला थांबायच्या जागा जागोजागी. आधी सूचना बघा, कारण २०२४ च्या हेलेन वादळानंतर त्याचे मोठे तुकडे बंद ठेवावे लागले होते.

आल्प्समध्ये सुरुवात ग्रॉसग्लॉकनरवर करा. १९३५ साली खुला झालेला हा ४८ किलोमीटरचा टोलरस्ता पर्यटकांचा विचार करून आखला आहे. ३६ हेअरपिन आहेत, पण प्रशस्त आणि चांगल्या डांबराची. स्टेल्व्हिओ पुढच्या वर्षासाठी ठेवा. १८२० ते १८२५ या काळात घोडागाड्यांसाठी कोरलेला तो रस्ता, त्याची वळणं त्या काळच्या मापाची आहेत. मोटारी आणि बस त्यावरून जातात, पण समोरून काही आलं की कोणाला तरी थांबावं लागतं.

१७.७ किलोमीटरमध्ये ३१८ वळणं म्हणून गाजलेला अमेरिकेतला टेल ऑफ द ड्रॅगन हा रस्ता रुंद ट्राइकसाठी मला पसंत नाही. लेन अरुंद आहेत, आणि पुढचं चाक बरोबर जागी असताना मागचं चाक मधली पिवळी रेघ ओलांडतं. समोरून वेगात झुकलेली दुचाकी येत असते, तिचं डोकंही त्याच रेघेवर असतं. गेलातच तर पहाटे लवकर, गर्दी नसताना जा.

नावाजलेल्या रस्त्यांच्याच मागे लागायची गरज नाही. तिसऱ्या आणि चौथ्या पायरीत उतरलेला, कोणी न सांगितलेला, चाळीस किलोमीटरचा घाट मला या सगळ्यांपेक्षा जास्त आनंद देऊन गेला आहे.

९. घाटात शिरल्यावर

वेग वळणाआधी कमी करा, वळणात गाडी मोकळी वाहू द्या, रस्ता पुढे दिसू लागला की हलका ॲक्सिलरेटर. शरीर वळणाच्या आत झुकवा. गाडी झुकत नसली तरी तुमचं वजन आत आलं की आतलं चाक जमिनीवर टिकतं. मागे बसणाऱ्यालाही हे शिकवून ठेवा, नाहीतर तो बिचारा घाबरून बाहेर झुकतो.

उतारावर, चढताना जो गिअर लागला असता तोच ठेवा. ऑटोमॅटिक स्कूटरसारख्या तीनचाकींना इंजिनाचा ब्रेक कमी मिळतो. त्यांनी ब्रेक सतत घासत न ठेवता, नीट दाबून वेग कमी करावा आणि सोडावा, म्हणजे डिस्कला थंड व्हायला वेळ मिळतो. जळका वास आला तर पुढच्या रुंद जागी थांबा, पंधरा-वीस मिनिटं तरी.

आतलं मागचं चाक वळणाची कड कापतं. हेअरपिनमध्ये पुढचं चाक कडेपासून हातभर दूर ठेवायचं, तेव्हा कुठे मागचं चाक डांबरावर राहतं. माझ्या त्या पहिल्या घाटात मला हेच ठाऊक नव्हतं.

थांबायच्या जागी गाडीचं तोंड उताराकडे करून कधीही शिरू नका. निघताना चढावर मागे यावं लागतं, आणि ट्राइकचा रिव्हर्स बहुधा लहान मोटरवर चालतो, तो भरलेली गाडी चढावर ओढेलच असं नाही. जागा अशी निवडा की निघताना पुढेच जाता येईल. मागे गाड्यांची रांग लागली तर पहिल्या सुरक्षित जागी बाजूला घ्या. रांगेच्या दडपणाखाली घेतलेलं वळण चुकतं.

१०. परत आल्यावर

त्याच संध्याकाळी, आठवण ताजी असताना, नकाशावर खुणा करा. मी तीन रंग वापरतो: हिरवा म्हणजे पुन्हा यावं, पिवळा म्हणजे कोरड्या दिवशीच, लाल म्हणजे ट्राइक नको. प्रत्येक घाटाशी सर्वांत घट्ट वळणाचं माप, पृष्ठभाग आणि तारीख लिहितो. ओपनस्ट्रीटमॅपवर रस्त्याची रुंदी किंवा पृष्ठभाग चुकीचा दिसला तर तिथेही दुरुस्त करतो, म्हणजे पुढच्या तीनचाकीवाल्याला तो बरोबर दिसेल. माझ्या नकाशावरची पहिली लाल रेघ त्या ट्रकवाल्या खिंडीची आहे. तिच्यापासून सहा किलोमीटरवर, शेजारच्याच दरीत, बसचा एक रस्ता आहे. त्याच शिखराकडे जातो, आणि तो हिरवा आहे.